छातीच्या जखमेतून पू येतोय, पुन्हा ऑपरेशन करायचं का?

प्रश्न: माझ्या आईचं वय ६३, वजन ८० किलो, मधुमेह जुना. सात आठवड्यांपूर्वी तिचं बायपास झालं. घरी आल्यावर जखमेच्या खालच्या टोकाचे दोन टाके उसवले, तिथून आधी पाणी आणि मग पू येऊ लागला. तेव्हापासून गावातल्या डॉक्टरांकडे रोज ड्रेसिंग करतोय. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असेपर्यंत पू कमी होतो, बंद केल्या की पुन्हा येतो. आता खोकलं की छातीत 'कट्' असा आवाज येतो, असंही ती म्हणते. शहरातल्या सर्जननी सीटी स्कॅन करून सांगितलं की छाती पुन्हा उघडून तारा आणि खराब झालेलं हाड काढावं लागेल, काही दिवस व्हॅक (जखमेतला स्राव ओढून घेणारं मशीन) लावावं लागेल आणि मग प्लास्टिक सर्जन छातीचा स्नायू सरकवून जखम बंद करतील. घरात एकमत नाही. भाऊ म्हणतो, पहिल्या ऑपरेशनमधली चूक झाकायला हे दुसरं काढलंय. मावशी म्हणते, आधी अंगात ताकद येऊ दे, ड्रेसिंगनं भरेल जखम. पू होतो म्हणून आईनं भात, डाळ, अंडी सगळं सोडलंय. ती मला म्हणते, 'तू सांगशील ते.' मी काय सांगू?

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, खोकल्यावर येणारा तो 'कट्' आवाज. बायपाससाठी छातीचं मधलं हाड उभं करवतात आणि शेवटी सहा-आठ स्टीलच्या तारांनी आवळून बंद करतात. ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. आवाज येतो म्हणजे दोन्ही अर्धे एकमेकांवर हलताहेत. नुसता आवाज असेल आणि जखम कोरडी असेल तर कदाचित एखादी तार हाडात रुतून सैल झाली असेल, त्यात जंतुसंसर्ग असेलच असं नाही. नुसता पू असेल आणि हाड घट्ट असेल तर दुखणं कातडी आणि चरबीपुरतं असू शकतं. तुमच्या आईला दोन्ही आहे, आणि गोळ्या थांबल्या की पू परत येतोय. त्यावर सीटी स्कॅननंही बोट ठेवलंय. संसर्ग हाडापर्यंत गेलाय असं मानूनच पुढचा विचार करायला हवा.

आता मावशींचं म्हणणं. ड्रेसिंगनं जखमा भरतात, हे खरंच आहे. पण भरतात त्या तळाशी लाल, जिवंत मांस असलेल्या जखमा. तुमच्या आईच्या जखमेचा तळ बोटभर भोकातून दिसत नाही. तिथे बहुधा रक्तपुरवठा गेलेल्या हाडाचा तुकडा आणि स्टीलची तार आहे. तारेवर जंतूंचा चिकट थर बसतो आणि त्या थरात औषध नीट शिरत नाही. अँटिबायोटिक रक्तातून जातं, मेलेल्या हाडात रक्तच जात नाही. म्हणून गोळ्यांनी आजूबाजूची सूज उतरते, पू कमी होतो, सगळ्यांना हायसं वाटतं आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. कधीकधी वरची कातडी मिटतेसुद्धा. मग पू आत साठतो आणि दोन इंच वर दुसरीकडून फुटतो.

त्यात बायपासची आणखी एक भानगड आहे. हृदयाला जोडायला छातीच्या हाडामागून जाणारी डावी रक्तवाहिनी बहुतेक वेळा वापरतात, डॉक्टर तिला 'लिमा' म्हणतात. हृदयासाठी ती सर्वांत टिकाऊ. पण डाव्या बाजूच्या हाडाचा मुख्य रक्तपुरवठा तिच्याकडूनच असतो, तो त्या दिवशी जातो. बहुतेकांचं हाड हे सहन करतं. मधुमेह आणि जास्त वजन असलेल्यांत, त्यातही दोन्हीकडच्या रक्तवाहिन्या घेतल्या असतील तर, हाड मागे पडण्याचा धोका वाढतो.

छाती उघडी ठेवून महिनोन्महिने गॉज भरत राहायचं, ही पद्धत एके काळी सगळीकडे होती आणि त्यात पुष्कळ रुग्ण दगावत. १९८० मध्ये अटलांटातल्या ज्युर्किविच आणि सहकाऱ्यांनी मेलेलं हाड पूर्ण काढून ती पोकळी छातीच्या स्नायूनं भरण्याचे निकाल छापले आणि तेव्हापासून उपचाराची दिशा बदलली. तेव्हा तुमच्या सर्जननी सुचवलेली गोष्ट नवीन नाही आणि प्रयोगही नाही.

'आधी ताकद येऊ दे' यात अर्धं सत्य आहे. पू चालू असताना ताकद येत नाही. संसर्गामुळे साखर चढते, चढलेल्या साखरेमुळे संसर्ग वाढतो, जखमेतून रोज प्रथिनं वाहून जातात. वाट पाहून आई सुधारणार नाही, खंगत जाईल. पण तीन-चार दिवसांची नेमकी तयारी मात्र खरोखर उपयोगी पडते. साखर इन्शुलिननं १८०च्या खाली आणायची. हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघून घ्यायचं. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करावी लागते, कारण साखर फार न चढतासुद्धा रक्तात आम्ल साठू शकतं. हे भरती करतानाच सांगा. त्या गोळ्या फिजिशियन देतात, ऑपरेशन सर्जन करतात आणि नेमकी ही गोष्ट दोघांच्या मधे हरवते. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ती किती दिवस थांबवायची ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनानं बंद करू नका, नवीन ग्राफ्ट, म्हणजे बायपासमध्ये जोडलेल्या रक्तवाहिन्या, तिच्यावर टिकून असतात. तंबाखू, मशेरी असेल तर आजपासून बंद. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि स्नायू सरकवल्यावर कडेची कातडी काळी पडते ती बऱ्याचदा यामुळेच.

आणि खाणं. भातानं, डाळीनं, अंड्यानं पू होत नाही. घराघरात हे पथ्य चालतं आणि त्यात ज्याची सर्वांत जास्त गरज असते तेच तोडलं जातं. मूत्रपिंड ठीक असेल तर तुमच्या आईला दिवसाला ८० ते ९० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, एक वाटी घट्ट वरणात ६-७, पेलाभर दुधात तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, १०० ग्रॅम शिजलेल्या मासळीत किंवा चिकनमध्ये २० ते २५, एका पोळीत ३. हिशेब मांडून बघा, साधं जेवण नीट घेतलं तरी आकडा गाठता येतो. वरण-पाण्यावर ठेवलं तर २५सुद्धा होत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारून कमी करावा लागेल.

तुमच्या भावाच्या रागाचं म्हणाल तर, तो समजण्यासारखा आहे. पण चांगल्या केंद्रांतही छाती उघडून केलेल्या शंभर ऑपरेशनांमागे एक ते तीन जणांना हा खोल संसर्ग होतो. मधुमेह, वजन, जड स्तनांचा जखमेवर सतत येणारा ताण, हे तुमच्या आईच्या बाबतीत आधीपासून होतं. हलगर्जी झालीच नसेल असं आम्ही म्हणत नाही, ते इथे बसून कुणालाच सांगता येणार नाही. भावाला एक काम द्या. ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड, आजवरचे कल्चरचे (पुवातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे) रिपोर्ट आणि सीटी स्कॅनची सीडी त्यानं गोळा करावी. सीडी, नुसती फिल्म नव्हे. हे कागद चूक तपासायलाही लागतात आणि दुसरं मत घ्यायलाही. दुसरं मत जरूर घ्या, पण हृदयाचे सर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघं असलेल्या रुग्णालयात, आणि याच आठवड्यात. चूक कुणाची होती याचं उत्तर काहीही निघालं तरी आतलं हाड काढावंच लागणार आहे.

आता ऑपरेशनमध्ये काय होतं ते सविस्तर सांगते, कारण तिथेच विचारायचे प्रश्न दडलेले आहेत.

पहिला टप्पा स्वच्छतेचा. सर्वांत जोखमीची वेळ तारा काढण्याची. सात आठवड्यांत हृदयाचा उजवा कप्पा किंवा एखादा ग्राफ्ट हाडाच्या मागच्या बाजूला चिकटलेला असू शकतो. हाडाचे अर्धे हिसक्यानं फाकवले तर तो फाटतो. म्हणून या वेळी हृदयाचे सर्जन टेबलाशी हवेत, रक्ताच्या पिशव्या तयार हव्यात. 'आमचे प्लास्टिक सर्जन एकटेच करतील' असं कुणी म्हणालं तर थोडं थांबून पुन्हा विचारा. तारा काढल्यावर मेलेलं हाड कुरतडत जातात, कुठवर, तर कडेतून ताजं रक्त येईपर्यंत. बरगड्यांची पुढची टोकं कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचिक हाडाची असतात आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. संसर्ग तिथे पोचला असेल तर तेवढी कूर्चा पूर्ण काढावी लागते. ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी पुन्हा भोक पडून पू येतो त्यात मागे राहिलेली कूर्चा किंवा तारेचा तुकडा हे नेहमीचं कारण.

याच वेळी आतल्या हाडाचे आणि मांसाचे चार-पाच तुकडे कल्चरला जातात. वरून फिरवलेला स्वॅब पुरत नाही, त्यात कातडीवरचे जंतू उगवतात. तुकडे सलाईनमध्ये किंवा कोरड्या निर्जंतुक डबीत जायला हवेत. फॉर्मालिनमध्ये टाकले की जंतू मरतात आणि रिपोर्ट येतो 'काही उगवलं नाही'. फॉर्मालिनची बाटली बायोप्सीसाठी, ती वेगळी. आपल्याकडे क्षयाचे आणि त्याच्या भावकीतले हळू वाढणारे जंतूही अशा जखमेत सापडतात, बुरशीही सापडते. साध्या कल्चरमध्ये ते दिसत नाहीत, त्यांची तपासणी वेगळी मागवावी लागते. तीन कोर्स होऊनही पू थांबत नाही, एवढंच कारण त्यासाठी पुरेसं आहे. प्रकृती स्थिर असेल तर तुकडे घेण्याआधी काही दिवस अँटिबायोटिक थांबवायची का, हेही विचारा. चालू गोळ्यांत कल्चर फसतं.

मग व्हॅक. स्वच्छ केलेल्या पोकळीत स्पंज बसवतात, वर हवाबंद चिकट पडदा आणि नळीतून सतत ओढ. ही ओढ पाऱ्याच्या मापात साधारण उणे १२५ मिलिमीटर असते, हृदय अगदी उघडं असेल तर कमी ठेवतात. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी बदलतात. हृदय आणि स्पंज यांच्यामध्ये पॅराफिन गॉजचे किंवा तशाच न चिकटणाऱ्या जाळीचे थर असायलाच हवेत. हाडाची धारदार कड हृदयावर घासून उजवा कप्पा फाटल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. त्या विरळ असतात, पण घडली तर वेळ मिनिटांची असते. त्यामुळे हाड उघडं असताना व्हॅक लावून घरी पाठवतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. रुग्णालयातही जवळच्या माणसानं दोन गोष्टींवर डोळा ठेवावा. डब्यात फिकट, पाणीदार स्राव येणं ठीक, लालभडक रक्त भराभर येऊ लागलं तर सिस्टरला हाक मारून ओढ तात्काळ बंद करायची. आणि मशीन दोन तासांपेक्षा जास्त बंद पडलं तर स्पंज तसाच ठेवायचा नाही, तो काढून साधं ड्रेसिंग करावं लागतं. वीज जाण्याचा भरवसा नसेल तिथे बॅटरी भरलेली आहे ना, हे संध्याकाळी विचारून ठेवा.

व्हॅक सगळ्यांना लागतंच असं नाही. पहिल्याच वेळी पोकळी स्वच्छ झाली तर काही सर्जन त्याच बैठकीत स्नायू सरकवतात. लावलं तर बंद कधी करायचं हे तळाचं लाल मांस, उतरतं सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा आकडा) आणि नव्या कल्चरवरून ठरतं. त्याला एक आठवडा लागेल की तीन, हे आधी सांगता येत नाही. खर्चाचा अंदाज घेताना 'स्पंज बदलण्याचे पैसे प्रत्येक वेळी वेगळे का' हे विचारून घ्या. नाहीतर बिलाचा धक्का तिथेच बसतो.

शेवटी स्नायू. 'छातीचा स्नायू काढतात' असं बहुतेक घरांत समजतात, आणि आई अपंग होईल ही भीती त्यातूनच येते. तो काढत नाहीत. छातीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला खांद्याकडून एक रक्तवाहिनी येते. तिच्यावर तो जिवंत ठेवून हाडाच्या बाजूनं सोडवतात आणि मध्यभागी सरकवतात. दुसऱ्या प्रकारात तो पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटा फिरवतात, पण त्यासाठी हाडालगतच्या बारीक रक्तवाहिन्या लागतात आणि त्या लिमाच्याच फांद्या. लिमा वापरलेल्या बाजूला ही पद्धत चालत नाही. म्हणून ऑपरेशन नोट प्लास्टिक सर्जनच्या हातात आधी पडली पाहिजे.

तुमच्या आईच्या बाबतीत नेमका प्रश्न खालच्या टोकाचा आहे. तिची जखम तिथूनच उसवली, आणि छातीचा स्नायू तिथे नीट पोचत नाही. वरचा भाग छान भरतो, खाली पोकळी राहते, तिथे पाणी साठतं आणि पुन्हा फुटतं. सर्जनना सरळ विचारा, 'खालच्या तिसऱ्या भागात काय भरणार?' उत्तर बहुधा दोनांपैकी एक असेल. एक, पोटाचा उभा स्नायू वर फिरवणं. त्याला रक्त लिमाच्याच पुढच्या टोकाकडून मिळतं, म्हणून लिमा डावीकडची वापरली असेल तर उजव्या बाजूचा स्नायू घेतात. दोन, ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पदर. तो खोल, वेड्यावाकड्या पोकळीत मस्त बसतो आणि संसर्गाशी चांगला झुंजतो, पण त्यासाठी पोट उघडावं लागतं आणि पुढे हर्नियाची शक्यता राहते. पोटाचं आधी मोठं ऑपरेशन झालं असेल तर ते सांगा.

हाड पुन्हा तारांनी जोडतात का? संसर्ग लवकर पकडला आणि हाड चांगलं असेल तर जोडतात. सातव्या आठवड्यात, हाड खराब झालेलं असताना, पुन्हा धातू घालायला बरेच सर्जन नाखूश असतात. मग मधे स्नायू आणि व्रणाची घट्ट पट्टी तयार होते. अशी माणसं चालतात, जिना चढतात, स्वयंपाक करतात. छाती खोकताना थोडी वेगळी हलते, कुशीवर वळताना काही महिने दुखतं, जोर लावून ढकलण्याची ताकद कमी होते. स्तनांचा आकार आणि जागा किंचित बदलू शकते. हे आईला आधी सांगा, ते सांगायचं अनेकदा राहून जातं.

नंतरचं थोडक्यात. आतलं पाणी बाहेर काढणाऱ्या दोन ते चार नळ्या, म्हणजे ड्रेन असतील, प्रत्येकातून २४ तासांत साधारण ३० मिलिलीटरपेक्षा कमी आलं की काढतात. घरी जायच्या घाईत ड्रेन लवकर काढला की आत पाणी साठतं. कल्चरप्रमाणे अँटिबायोटिक साधारण सहा आठवडे, त्यातलं बरंचसं इंजेक्शननं. व्हँकोमायसिन किंवा कोलिस्टिनसारखं औषध असेल तर क्रिएटिनिन वारंवार बघावं लागतं. सहा आठवडे दोन-तीन किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा की नाही ते सर्जनना विचारून. पलंगावरून उठताना हातावर जोर देऊन उठायचं नाही, मागून कुणीतरी आधार द्यायचा. खोकताना उशी छातीशी कवटाळायची. पुढून उघडणारी, तारा नसलेली आधाराची ब्रा दिवसरात्र, रात्रीसुद्धा. जमिनीवर बसणं काही महिने विसरायचं.

धोका आहेच. रक्त साठणं, कडेची कातडी जाणं, पुन्हा एखादं लहान ऑपरेशन लागणं, हे घडतं. जिवाचा धोकाही आहे, आणि तो मूत्रपिंड, फुप्फुस आणि हृदयाच्या पंपिंगवर अवलंबून असल्यानं तुमच्या आईसाठी आकडा किती, हे तिला तपासलेल्या सर्जननाच विचारा. पण शेजारी दुसरा आकडाही मागा: काहीच केलं नाही तर किती?

हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी बायपासची जखम थोडी पाझरतेय, त्यांनी घाबरून जाऊ नये. हाड घट्ट, ताप नाही, जखमेचा तळ डोळ्यांना दिसतोय आणि लाल आहे, तर ड्रेसिंग हाच बरोबर उपचार. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या सीटीमध्ये हाडामागे थोडं पाणी, थोडी हवा दिसणं स्वाभाविक असतं, एकट्या सीटीवरून निर्णय होत नाही. आणि वर्षभरानं एखादं बारीक भोक पडून थेंबथेंब पू येत असेल तर पुष्कळदा एखादी तार काढून आणि तिच्याभोवतीचं साफ करून भागतं. थंडी वाजून ताप, धाप, गुंगी, यांपैकी काही असेल तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय. जखमेतून लालभडक रक्त, अगदी चमचाभर, आलं तर स्वच्छ कापड ठेवून तळहातानं घट्ट दाबून धरा आणि दाब न सोडता निघा.

पैशांसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. बायपास त्यातून झालं असेल तर शिल्लक किती आणि हे ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, ते भरती होण्याआधी लिहून घ्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आजच काढायला टाका.

राहता राहिलं आईचं 'तू सांगशील ते'. तुम्ही निर्णय सांगण्याआधी तिला सर्जनसमोर बसवा आणि वरचे दोन प्रश्न तिच्यासमोर विचारा, खालच्या भागात काय भरणार आणि काही केलं नाही तर काय. तिला कशाची भीती आहे ते तिला विचारा. बेशुद्ध होण्याची, अंगावरच्या व्रणाची, की तुमच्यावर खर्च पडण्याची? शेवटच्या भीतीचं उत्तर सर्जनकडे नाही, ते तुम्हीच द्यायचं. आमचं मत विचारलंत तर, ऑपरेशन करावं, आणि तारीख दुसरं मत मिळताच घ्यावी.